एम्परर, कोलमन की फेदर स्टारवरची कोळंबी: मॅक्रो फोटोसाठी आधी कुठली शोधायची?

दोनच डाइव्ह उरल्यात आणि कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी) लावलीये, तर सगळ्यांच्या मागे धावू नका, एक ठरवा. ठरवताना बघायचं ते कोळंबी कोणाच्या अंगावर राहते हे, कारण ती स्वतः जेमतेम २ सेंटीमीटरची, तिला थेट कुठे शोधणार?

पहिल्यांदाच करताय तर माझं मत सरळ एम्पररला. ही समुद्रकाकडीवर (काकडीसारख्या लांबट समुद्री प्राण्यावर) राहते, स्पॅनिश डान्सर नावाच्या मोठ्या समुद्री गोगलगायीवरपण सापडते पण ती बाई रात्रीच बाहेर पडते. समुद्रकाकडी एवढी हळू सरकते की फोकस करायला निवांत वेळ मिळतो. केशरी-लाल अंग, पाठीवर पांढरा डाग, जांभळ्या नांग्या आणि बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, आणि समुद्रकाकडी वाळू चापत पुढे जाते तेव्हा ही तिच्या तोंडापाशीच बसून बारीक कण टिपत असते, ते बघताना टाकीतली हवा किती उरलीये याचं भान राहत नाही, त्यामुळे गेजवर लक्ष ठेवा.

कोलमन दिसायला सगळ्यात देखणी, पांढऱ्यावर लालसर ठिपके. नेव्हिल कोलमन या ऑस्ट्रेलियन फोटोग्राफरचं नाव तिला १९७५ साली मिळालं. बहुतेक वेळा जोडीनेच असते, मादी मोठी, नर बारका, आणि दोघं फायर अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यावरच्या काट्यांमधल्या मोकळ्या केलेल्या जागेत शेजारी शेजारी बसतात, फारशी हलत नाहीत म्हणून फ्रेम छान मिळते. पण त्या काट्यांत विष असतं, हात लागला तर भयंकर आग होते. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका जागी स्थिर तरंगणं, पक्की नसेल तर ही नकोच.

फेदर स्टार म्हणजे पिसांसारखे हात असलेला समुद्री प्राणी, आणि त्याच्यावरची कोळंबी म्हणजे लपण्याची कमाल! पिवळ्या फेदर स्टारवर पिवळी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्यावर तशीच पट्टेदार, समोर असूनही डोळ्यांना दिसत नाही. दिवसा बरेच फेदर स्टार हात गुंडाळून बसतात, मग काही लोक काठीने ते उघडायला जातात आणि त्या प्राण्याचे हात तुटतात, प्लीज असं करू नका, रात्रीच्या डाइव्हला जा, तेव्हा ते आपणहून पसरलेले असतात.

व्हिप कोरलवरची झांझिबार कोळंबी तर आत्ता सोडाच, करंट असला की ती दोरीसारखी काडी सतत डुलते आणि फोकस सुटत राहतो.