लक्सरचा शेणकिडा आणि माझे 11,300 रुपये

आधी हसून घ्या. इजिप्तमधल्या लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर मी 6,500 इजिप्शियन पौंड मोजून एक दगडी शेणकिडा (प्राचीन इजिप्तमधला किड्याच्या आकाराचा कोरीव ताईत) घेतला. आपले 11,300 रुपये. रोख, बिनपावतीचे. (पावती देत नसेल तर चहा अर्धा टाकून उठा.)

पद्धत ठाऊकच आहे तुम्हाला: ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’, मग आजोबांच्या शेतात सापडलेली, चिंधीत गुंडाळलेली वस्तू.

मी काही अगदीच अडाणी नव्हे. वाचून गेलो होतो. प्राचीन इजिप्तचा राजा तिसरा आमेनहोतेप, त्याने शंखजिऱ्याचे (साबणासारख्या गुळगुळीत, मऊ दगडाचे) असे मोठे शेणकिडे कोरवून घेतले. राज्याच्या पहिल्या दहा वर्षांत आपण 102 सिंह मारले, अशी बढाई काहींवर कोरलेली आहे. दोनशेहून जास्त शिल्लक आहेत. मग एखादा मला का मिळू नये? अर्धवट वाचन नडतं ते असं.

किडा उलटून बघताना नखात पांढरी पूड आली. बाबा शिंपी, त्यांचा खडू लहानपणी याच नखांनी कोरलाय मी. तोच साबणासारखा स्पर्श. तिथेच उठायला हवं होतं! हा दगड मऊ, म्हणूनच कोरायला सोपा. कोरून झाला की निळा-हिरवा लेप चढवून भट्टीत घालायचे. लेपाची काच व्हायची आणि दगडही टणक व्हायचा. पिरोज्यासारखे दिसणारे मणी इजिप्तमधले फार जुने बदारी लोक इ.स.पू. 4000 च्याही आधी असेच करत. भाजलेल्या दगडाला नख लागत नाही. आणि मी? ‘जुना आहे, लेप झडला असेल,’ असं विकणाऱ्याच्या वतीने स्वतःलाच समजावलं. अहो, लेप झडला तरी दगड थोडाच मऊ पडतो! उरलेला रंग हॉटेलात नेलपॉलिश रिमूव्हरने कापसावर उतरला.

चौकीत तीन तास. साहेब म्हणतात, “खरा असेल तर 1983 च्या कायद्याने तो सरकारचा, तुम्हीच अडकाल. खोटा असेल तर शोभेची वस्तू घेतलीत, तक्रार कसली?” म्हणजे दोन्हीकडून मीच चोर! अरबीत काहीतरी खरडलेला कागद दिला, त्यावर शिक्का नाही. टूर कंपनीचं उत्तर एका ओळीचं: खरेदी स्वतःच्या जबाबदारीवर. त्या दुकानात नेलं त्यांच्याच गाईडने. त्याचं कमिशन कुणाच्या जबाबदारीवर? चार मेल केले, चारही वेळा तीच ओळ.

हौस असेल तर संग्रहालयाच्या दुकानातली प्रतिकृती घ्या. ‘अस्सल, जुनं’ हे शब्द कानावर पडले की पाकीट खिशात.

किडा बाबांनी मागून घेतला. कापडावर खुणा करतात त्याने. रेघ छान उठते म्हणे.