ऑनलाइन ‘जंगल सेफ्टी किट’ : सत्तरीच्या रानात किती कामाचं?

हे किट मी मागवलेलं नाही. पर्वरीच्या भाच्याने परस्पर माझ्या पत्त्यावर पाठवलं. “मावशी, तू सारखी रानात जातेस. उद्या काही झालं तर आई मला धरील,” हे त्याचं म्हणणं. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सरकारी आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि रजा जुळली की मैत्रिणींबरोबर चोर्ला, सुर्ला, नेत्रावळी असं भटकते. कंपनीचं नाव लिहीत नाही. हेच सामान वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, पाउचचा रंग तेवढा बदलतो. किंमत दीड हजाराच्या आत.

आधी सगळ्यात वाईट वस्तू. साप चावल्यावर विष ओढायचा पंप. पिवळी, जाडजूड सिरिंज, तिच्या तोंडाला बसवायच्या लहान-मोठ्या प्लॅस्टिकच्या वाट्या, सोबत एक ब्लेड आणि एक रबरी पट्टा. पाकिटावरच्या चित्रात माणसाच्या पिंढरीला पंप लावलाय, वर पट्टा आवळलाय आणि तो चक्क हसतोय! अहो, विष असं ओढून निघत नाही. निघतं ते रक्त आणि अंगातलं पाणी, वर कातडीला इजा होते ती वेगळीच. ब्लेड तर त्याहून भयंकर. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायची क्रियाच बिघडते. अशा माणसाला चीर दिली तर ते रक्त थांबवायचं कुणी? आणि पट्टा. पावसाच्या सुरुवातीला अळमी, म्हणजे रानातली अळंबी, काढायला गेलेली माणसं साप चावून येतात तेव्हा पायाला नायलॉनची दोरी करकचून बांधलेली असते. खाली बोटं जांभळी, दोरी मांसात रुतलेली, कात्री आत घालायला जागा नाही. तेच काम हा रबरी पट्टा जास्त सफाईने करील.

खरं करायचं ते साधं आहे. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही, चावलेला हात किंवा पाय काठी लावून सैलसर बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी, पैंजण, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं, 108 ला फोन करायचा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. त्यासाठी दोन रुंद क्रेप बँडेज लागतात. या किटमध्ये एकही नाही! आहेत त्या बोटाला लावायच्या पट्ट्या, आणि त्या ओल्या कातडीवर चिकटत नाहीत.

आणखी एक गोष्ट किट बनवणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही, पण आपल्याला असावी. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं असतं. पावसात म्हादईच्या रानात वाटेच्या कडेला, फांदीवर, दगडावर सुस्त बसलेला चापडा हा विषारी साप त्यात येत नाही. तेव्हा चावाच लागू नये याची तजवीज आधी. ती पाउचमध्ये मावत नाही, ती पायात असते. वाळपईच्या बाजारात बागायतवाले घेतात ते पोटरीपर्यंतचे गमबूट घ्या. दिसायला गबाळे, चढावर थोडे जड, पण या पंपाहून शंभर पटीने बरे.

किटमधली टॉर्च हातात धरायची आहे, डोक्याला लावायची नाही. उजेड ठीक, पण बॅटरीच्या झाकणाची रबरी कडी इतकी सैल की पहिल्याच सरीत काचेआत वाफ धरली. रानात एका हातात काठी असते, दुसरा हात तोल सावरायला लागतो; टॉर्च काय दातात धरायची? कंपासबद्दल न बोललेलं बरं. सुई तळाला घासते, बोटाने टिचकी मारली की नवी उत्तर दिशा दाखवते.

आता जे नाहीच ते. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे नाहीत. जळू ही तशी निरुपद्रवी. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवायचं आणि कापूस दाबून धरायचा. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरायचं नाही. खरी काळजी गोचिडीची. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आलेत, आणि तो पसरतो गोचिडीच्या चाव्यातून, तोही कोरड्या दिवसांत, ऐन काजूच्या हंगामात, म्हणजे शहरी मंडळी “पाऊस नाही, आता सेफ” म्हणून निघतात तेव्हा. किटमध्ये गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं औषध नाही, चिकटलेली गोचीड काढायला टोकदार चिमटाही नाही. दोन्ही फार्मसीत मिळतात. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून काखा, जांघा, कानामागे नीट बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. आठवडाभरात सडकून ताप आणि डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरला ‘रानात गेले होते’ हे आधी सांगा.

चांगलं काहीच नाही असं नाही. किटमधली अंगाची ऊब धरून ठेवणारी पातळ चंदेरी चादर मला मनापासून आवडली. घडी घातली की रुमालाएवढी. जुलैत चोर्ल्याच्या माथ्यावर भिजून वाऱ्यात बसलेला माणूस गोव्यातसुद्धा कुडकुडतो, आमच्यातली एक अशी थरथरायला लागली तेव्हा ओला शर्ट काढून ही चादर गुंडाळली, वर रेनकोट. थोड्या वेळाने बाई भजी मागायला लागली. शिट्टीही खणखणीत आहे. सुर्ल्याच्या बाजूला मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नसते, तिथे थांबून थांबून तीनदा मारलेली शिट्टी ओरडण्यापेक्षा लांब जाते आणि घसाही बसत नाही. विस्तव पेटवायची कांडी मी काढूनच टाकली. अभयारण्यात जाळ करायचा नसतो, आणि आषाढात पेटणार तरी काय?

दोरीच्या कड्याबद्दल मात्र सावध करते. मनगटात घालायचं ते विणलेलं कडं उसवलं की काही मीटर दोरी निघते, आणि जाहिरातीत एक गडी तिला धरून पाणी ओलांडताना दाखवलाय. आपल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, हे करू नका. वर घाटात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही पाणी फुगतं. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत येऊ लागल्या, की अलीकडच्या काठावर थांबायचं, मग कितीही उशीर होवो. 2023 च्या पावसाळ्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली होती. जाण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या.

पाचपैकी दोन तारे. घेतलंच असेल तर पंप, ब्लेड आणि पट्टा कचऱ्यात टाका, ब्लेड कागदात गुंडाळून. रिकाम्या जागेत क्रेप बँडेज, चिमटा, ओआरएसची पाकिटं आणि डोक्याला लावायची टॉर्च सहज मावते. पाउचची चेन मात्र मेण चोळल्याशिवाय सरकत नाही.