मोठ्या रस्त्यावर ट्रॅक मागायचा की गल्लीतून सायकल मार्ग?

पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरसारख्या भागात सायकलसाठी काही सुचवायचं म्हटलं की दोन पर्याय समोर येतात: मोठ्या रस्त्यावर वेगळा ट्रॅक, किंवा आतल्या गल्ल्या जोडून केलेला मार्ग. निधी मोजकाच, त्यामुळे आधी काय मागायचं ते ठरवावं लागतं.

जिथे बस आणि डंपर भरधाव जातात तिथे नुसता पांढरा पट्टा मारून भागत नाही. पट्ट्यावर संध्याकाळपर्यंत गाड्या लागतात. तिथे कठडा असलेला, निदान दोन मीटर रुंद ट्रॅकच हवा. पण पुण्याचा अनुभव बघा. २००६ च्या बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) सातारा रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर ट्रॅक झाले, २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. तरी ट्रॅक कुठे विजेच्या डीपीपाशी अडतो, कुठे बसथांब्यामागे संपतो, आणि सायकल पुन्हा रहदारीत उतरते. उपनगरात तर थोड्या थोड्या अंतरावर सोसायटीचं गेट. प्रत्येक गेटपाशी ट्रॅक तुटतो आणि वळणारी गाडी नेमकी तिथेच आडवी येते.

गल्लीत वेगळी जागा लागत नाही, वेग उतरवावा लागतो. ५० चा वेग ३० वर आला की धडकेचा जोर जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. परदेशात गल्लीच्या तोंडाशी खांब रोवून मोटारी अडवतात. आपल्याकडे सायकल जाईल तिथून स्कूटरही जाते, त्यामुळे खरं काम गतिरोधकालाच करावं लागतं. आणि तो मापाचा हवा! रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गाडी हळू होते, सायकल अलगद पार होते. रातोरात घातलेला अरुंद उंचवटा सायकलवाल्याचीच कंबर मोडतो. पावसाळी चेंबरच्या जाळीच्या फटीही चाकाला आडव्या हव्यात, नाहीतर बारीक टायर आत रुततो.

गल्लीचा मार्ग फार वळसा घालणारा असेल तर कोणी वापरणार नाही. नेदरलँड्समधल्या हाउटन गावात वळसा मोटारींना आहे, सायकल मधून सरळ जाते.

माझा कौल आधी गल्लीला. मात्र ती मोठा रस्ता ओलांडते तिथे उंचावलेलं क्रॉसिंग आणि सिग्नल त्याच अर्जात मागा. शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईवडील घाबरतात ते याच चौकाला, आणि तो सुटला नाही तर बाकीच्या मार्गावर मुलं येणारच नाहीत.

कर्वेनगरहून नदीवरच्या राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याला जायचं असेल तर मात्र गल्ली नाहीच. अशा ठिकाणी ट्रॅकसाठीच भांडा.