खडी, क्रश सँड आणि खदानीतली माणसं: लातूरकडच्या एका क्रशरचा रिव्ह्यू

घराला खडी कुठून घेतली असं कॉलनीतले लई जण विचारायलेत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. निलंग्याच्या बाजूचा क्रशर आहे, म्हणजे दगड फोडून खडी करायचा कारखाना, पत्ता पाहिजे असेल तर मेसेज करा. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

आधी मालाचं. 20 एमएम खडीचा आकार चांगला, चपटे तुकडे कमी, पहिली गाडी उतरल्याबरोबर मिस्त्रीनं हातात घेऊन बघितली आणि चालतंय म्हणाला. क्रश सँड, म्हणजे दगड बारीक करून केलेली वाळू, धुतलेली आहे, मुठीत दाबून सोडली तर भुकटी फार चिकटत नाही, आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाप्रमाणे चाळणीचा रिपोर्ट मागितला तर लगेच दिला. ब्रास म्हणजे 100 घनफूट, गाडीचं माप टेपनं घेऊ दिलं, कुणी तोंड वाकडं केलं नाही. सरकारला भरलेल्या रॉयल्टीची पावती प्रत्येक गाडीसोबत. रेट मात्र बाकीच्यांपेक्षा ब्रासमागं दीड-दोनशेनं जास्त आहे. नदीच्या वाळूचा आम्ही विचारच केला नाही, गोदावरीकाठी रात्रीचा उपसा कसा चालतो ते आपल्या सगळ्यांना माहितीय, आणि गाडी अडवायला गेलेल्या तलाठ्यांच्या अंगावर टिप्पर घातल्याच्या बातम्या वाचून तसली वाळू घराच्या भिंतीत नको वाटली.

आता मुद्द्याचं. जास्तीचे पैसे मी मालासाठी नाही दिले, तिथं काम करणाऱ्यांकडं बघून दिले. याच्या आधी दुसऱ्या एका क्रशरवर गेलो होतो, नाव लिहीत नाही. स्वस्त होता. पण जिथं दगड आत ढकलतेत तिथं मिसरूड न फुटलेली पोरं तोंडाला नुसतं फडकं गुंडाळून उभी, पाणी मारायची काहीच सोय नाही, धुरळ्यात पुढचा माणूस दिसेना. एक मावशी झाडाखाली बसली होती तिला सहज विचारलं गावाकडं कधी जाता, तर म्हणाली उचल घेतलीय, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, ती फिटल्याशिवाय मुकादम जाऊ देत नाही. आपल्याकडं ऊसतोडीमुळं उचल हा शब्द कुणाला नवीन नाही म्हणून आपल्याला त्यात काही वाटतही नाही, पण माणसाला उचलीपायी अडकवून ठेवणं ही वेठबिगारी आहे आणि ती 1976 च्या कायद्यानं बंद केलेली आहे. आम्ही तिथून एक पाटीसुद्धा घेतली नाही.

माझा मेहुणा तुळजापूरला टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) शिकला, त्यानं मला बंधुआ मुक्ती मोर्चा या वेठबिगारांसाठी लढणाऱ्या संघटनेची केस सांगितली. हरियाणात फरीदाबादच्या दगडखाणीत मजूर कसे राहतेत याचं पत्र सुप्रीम कोर्टाला गेलं आणि कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. 16 डिसेंबर 1983 चा निकाल आहे, न्यायमूर्ती भगवतींचा. त्यात लिहिलंय की क्रशरच्या वर पाण्याचा ड्रम ठेवून सारखा फवारा मारा नाहीतर धूळ ओढून घेणारं मशीन बसवा. आणि दर मजुरामागं किमान 2 लिटर पिण्याचं पाणी, स्वच्छ भांड्यात, सावलीत. इतकं बारीक सांगितलंय. जबरदस्तीनं राबवलं जातंय असं दिसलं तर ते उचलीपायीच आहे असं कोर्ट धरून चालणार, तसं नाही हे मालकानं दाखवायचं. चाळीस वर्षं होऊन गेली आणि तरी फवारा नसलेला क्रशर आपल्याला सहज सापडतो, याचा मला खरंच संताप येतो.

म्हणून या क्रशरवर गेल्यावर मी आधी वर बघितलं. फवारे चालू होते, पट्ट्यावर जिथून खडी पडते तिथं पण. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तर एवढं पाणी कुठून आणता म्हणून विचारलं, म्हणाले जुन्या खदानीत पावसाचं साचतं तेच पंपानं ओढतो. त्या खदानीला चारी बाजूनं तारेचं कुंपण आहे हे मला सगळ्यात आवडलं, कारण दरवर्षी कुठंतरी सोडून दिलेल्या खदानीत पोहायला गेलेली लेकरं बुडून जातेत. काही जण म्हणतेत आपला काळा दगड राजस्थानातल्या वाळूच्या दगडासारखा नाही, त्यात मोकळी सिलिका कमी असते, सिलिकोसिसचं, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं, एवढं भ्या नाही. कमी असते हे खरंय. पण रोज आठ-आठ तास धूळ छातीत जाणाऱ्याला हे सांगून काय उपयोग, दम तर लागतोच. इथं कामगारांना फिल्टरचे मास्क दिलेत आणि वर्षातून एकदा छातीचा एक्सरे होतो असं लोडिंगवाल्या पोरांनी सांगितलं, मालकानं नाही, म्हणून विश्वास ठेवते. अठराच्या आतलं कुणी दिसलं नाही. खाणीत कामाला कायद्यानंच वय पाहिजे 18.

सुरुंगाचं पण लिहायलाच पाहिजे. आमच्या भागातल्या माणसाला किल्लारीच्या भूकंपाची, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विसरता येत नाही, जमीन जरा हादरली की म्हातारी माणसं अजून घराबाहेर पळतेत, माझी सासू तर उंबऱ्यावरच बसून राहते. हे लोक सुरुंग लावायच्या आदल्या दिवशी जवळच्या वस्तीवर वेळ सांगतेत, भोंगा वाजवतेत, लाल झेंडे लावतेत, आणि भिंतीला चीर गेली तर कुणाला फोन करायचा तो नंबर गेटवर लिहिलाय. मेहुणा म्हणतो 2011 ला संयुक्त राष्ट्रांनी उद्योग आणि मानवी हक्क यावर जी तत्त्वं मान्य केली त्यात हेच तीन भाग आहेत, सरकारनं लोकांचं रक्षण करायचं, कंपनीनं हक्कांचा मान ठेवायचा, आणि नुकसान झालं तर दाद मागायला जागा पाहिजे. तेलकंपन्या, कोळसाखाणी यांच्यासाठी हे बोललं जातं, पण गावाशेजारच्या खदानीला पण तेच लागू होतं असं माझं ठाम मत आहे.

कापलेला स्टार बायकांसाठी. संडास पत्र्याचा, आत नळ नाही. खाणीत बायका कामाला असतील तर पाळणाघर पाहिजे, असे नियम 1966 सालीच झाले होते, आणि इथं एक वर्षाचं लेकरू टिप्परच्या सावलीत झोपवलेलं बघितलं. मॅनेजरला तिथंच बोलले. तो म्हणाला बायका ठेकेदाराच्या आहेत, आमच्या नाहीत. खदान तुमची, टिप्पर तुमचा, मग लेकरू कसं ठेकेदाराचं? शेवटी मालकाला फोन लावला, त्यांनी ऐकून घेतलं, रिकामी खोली आहे ती देतो म्हणाले.

डिलिव्हरीचं म्हणाल तर दोन दिवस आधी सांगावं लागतं आणि गावातून गाडी ताडपत्री टाकूनच आणा असं बजावून सांगा, एकदा उघडीच आली होती. स्लॅबची खडी परत तिथूनच मागवलीय. आता मी स्वतः जाणार आहे माल भरताना, खोली उघडलीय का बघते आणि याच रिव्ह्यूत खाली लिहिते.