‘वॉर क्राय’चा बिल्ला: काम अस्सल, विक्रेत्याची हकिकत कच्ची

नाशिकच्या भद्रकालीतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून गेल्या महिन्यात मी ‘वॉर क्राय’ या ख्रिस्ती साप्ताहिकाचा एनॅमलचा, म्हणजे मीनाकामाचा, बिल्ला ९५० रुपयांना घेतला. विल्यम बूथ यांच्या मुक्तिफौजेचे, म्हणजे ‘सॅल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती संघटनेचे, हे पत्र २७ डिसेंबर १८७९ रोजी लंडनमध्ये सुरू झाले आणि फौजेचे गणवेशधारी सैनिक ते रस्त्यावर, इतकेच काय, दारूच्या गुत्त्यांतही शिरून विकत असत. फौजेच्या झेंड्यात लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा, निळा पावित्र्याचा आणि पिवळा पवित्र आत्म्याच्या अग्नीचा मानतात. बिल्ल्यावर लाल पट्टीत पत्राचे नाव आहे, भोवती निळी कड आहे, आणि पिवळ्याचे काम मुलामा दिलेल्या पितळी रेघांवरच भागवले आहे. ही काटकसर मला फार आवडली.

कारागिरीबद्दल तक्रारीला जागा नाही. ठशाने दाबलेल्या धातूच्या खोबणीत काचेची पूड भरून ती सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवतात आणि थंड झाल्यावर पृष्ठभाग दगडाने घासून सपाट करतात. त्यामुळे अस्सल मीनाकामावरून नख फिरवले, तर धातूची रेघ कोठे संपते आणि काच कोठे सुरू होते ते बोटाला कळत नाही. निळ्या कडेवर नेमके तसेच होते. मागील बाजूस बर्मिंगहॅमचे नाव कोरलेले आहे. बिल्ले घडवणाऱ्यांचे ते माहेरघरच.

लाल पट्टीच्या डाव्या टोकाला मात्र नख किंचित अडखळले. दहापट भिंगातून पाहिले, तेव्हा तेवढ्या तांदळाएवढ्या जागेत लाल रंगाचा पोत गुळगुळीत काचेसारखा न दिसता सायीसारखा सुरकुतलेला दिसला. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावात बुडवलेली कापसाची काडी तेथे हलकेच टेकवताच कापूस गुलाबी झाला. काच अशी विरघळत नाही, तेव्हा उडालेला टवका कोणीतरी रंग लावून बुजवला होता हे उघड झाले. ‘एक ओरखडा नाही, साहेब,’ असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. परत गेलो तेव्हा त्याने कुरकुर करत २५० रुपये परत केले. उरलेले ७०० रुपये या अवस्थेतील बिल्ल्याला मला रास्त वाटतात.

हा बिल्ला नाशिकमधल्याच शरणपूरच्या एका जुन्या ख्रिस्ती घराच्या ट्रंकेतून निघाला, ही दुकानदाराची हकिकतही मी बाजूला ठेवली आहे. शरणपूरची वसाहत चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे अँग्लिकन पंथाची. मुक्तिफौज ही वेगळी संघटना; ती तर फौजेचे अधिकारी फ्रेडरिक टकर यांच्याबरोबर १८८२ मध्ये मुंबईत उतरली. शरणपूरच्या घरात फौजेचा बिल्ला असणे अशक्य नाही, पण केवळ नाशिक आणि ख्रिस्ती हे दोन शब्द जुळले म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

मागची टाचणी सैल आहे. ती झाळून घ्यावी म्हणून तांबट आळीत गेलो, तर तेथील वयस्क कारागिराने बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘ताव दिला तर काच तडकेल, मी हात लावणार नाही.’ म्हणून तो शर्टावर न लावता कापसाच्या डबीत ठेवला आहे.