डीडब्ल्यूडीएस : करारांच्या भाषांतराला उपयोगी पडणारा जर्मन कोश

जर्मन करारांची भाषांतरं करते, त्यामुळे कोशांवरच माझं पोट आहे. दिवसभर उघडा असतो तो डीडब्ल्यूडीएस, म्हणजे बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा ऑनलाइन कोश. फुकट आहे आणि भरवशाचाही.

नवा कोश हाती आला की मी आधी 'बिलिश' हे विशेषण शोधते. वर्गात शिकवतात, बिलिश म्हणजे स्वस्त. मग जर्मन नागरी संहितेच्या कलम 315 मधलं 'बिलिगेस एर्मेसन' ('बिलिगेस' हे बिलिशचंच रूप) समोर येतं आणि नवशिका गडबडतो. दर ठरवायचा अधिकार एकाच पक्षाकडे असेल, तर त्याने मनमानी न करता तो न्यायाला धरून ठरवावा, असा तिथे भाव आहे. स्वस्ताईचा काही संबंध नाही!

डीडब्ल्यूडीएसमध्ये हा जुना अर्थ वेगळा दिलेला आहे. शिवाय त्याच पानावर व्होल्फगांग फायफर यांच्या व्युत्पत्तिकोशातली नोंद मिळते. मुळात हा शब्द 'योग्य, उचित' अशा अर्थाचा. योग्य किंमत म्हणता म्हणता तो कमी किमतीवर आला आणि पुढे हलक्या मालाला चिकटला. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातल्या जर्मन मालाला फ्रान्त्स रुलो या जर्मन अभियंत्यानेच 'बिलिश उंट श्लेष्ट' म्हटलं, म्हणजे स्वस्त आणि टुकार. आपल्या 'रास्त भाव दुकाना'तला 'रास्त'ही असाच स्वस्ताकडे झुकलाय, म्हणून मला ही नोंद फार आवडते.

खरी कमाल 'व्होर्टप्रोफील'ची. कुठलं विशेषण कुठल्या नामांबरोबर जास्त येतं, ते हे साधन प्रत्यक्ष मजकुरांतून काढून दाखवतं. 'बिलिगे आउसरेडे' म्हणजे लंगडी सबब, अशा जोड्या हेरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बाकी बोलताना कुणाच्या खरेदीला बिलिश म्हणू नका, ते लागतं. 'ग्युन्स्टिश' म्हणा, म्हणजे चांगल्या भावात मिळालेलं.

उणं म्हणाल तर सगळा कारभार जर्मनमध्ये. कोशाचा एक मोठा पाया पूर्व जर्मनीतल्या सहा खंडी शब्दकोशाचा आहे, त्यामुळे काही उदाहरणांना त्या काळाचा वास येतो. ए-वन, ए-टूच्या, म्हणजे जर्मनच्या सुरुवातीच्या पातळ्यांवरच्या मुलांनी सध्या द्वैभाषिक कोशच वापरावा. बी-वन ही पुढची पातळी झाली की मात्र हे पान ब्राउझरमध्ये बुकमार्क करून टाका.