बदकाची पिल्लं आणि घरगुती इन्क्युबेटर: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

बदकाची अंडी उबवायला घरगुती इन्क्युबेटर घ्यावा का, हे विचारणारे हल्ली बरेच भेटतात. मी उन्हाळ्यात घेतला, अख्खा पावसाळा त्यावर काढला, आता थंडी पडायला लागलीय. ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी एवढंच: ऊब यंत्र सांभाळतं, ओलावा तुम्हाला सांभाळावा लागतो. आणि बदकाच्या बाबतीत खरी मेख ओलाव्यातच आहे, अंड्याच्या आतही आणि बाहेरही.

आमचा मळा कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, भोगावती नदीच्या पट्ट्यात. ऊस, थोडा भात, दोन म्हशी आणि परसात गावरान कोंबड्या. बदकं खाकी कॅम्पबेल. ही जात इंग्लंडात ग्लॉस्टरशायरच्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संकरातून तयार केली. नीट सांभाळली तर मादी वर्षाला २५०-३०० अंडी देते. पण एवढी अंडी घालणाऱ्या पाखराला त्यांच्यावर बसायची बुद्धी काही नाही, ही जात सहसा खुडूक होतच नाही. मस्कोव्ही बदक छान बसतं, पण तिच्या अंड्याला ३५ दिवस लागतात आणि अंडीही कमी. म्हणजे कॅम्पबेल पाळायची तर गावरान कोंबडीखाली अंडी ठेवा, नाहीतर मशीन आणा.

मशीन म्हणजे प्लॅस्टिकचं खोकं. वर पारदर्शक झाकण, तळाला पाण्याच्या खाचा, मधे अंडी फिरवणाऱ्या दांड्या, छोटा पंखा आणि समोर तापमान-आर्द्रतेचे आकडे. पाच-सहा हजारांच्या घरात मिळालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकाच साच्याची खोकी निरनिराळ्या स्टिकरखाली विकली जातात. बाहेर ‘४८ अंडी’ लिहिलंय ते कोंबडीच्या अंड्यांच्या हिशेबानं. बदकाचं अंडं ६५-७० ग्रॅमचं, चांगलं दणकट. पाऊणपट मावली तरी नशीब. दाटीवाटीनं बसवली की दांडी फिरते आणि अंडं जागच्या जागी घासतं, फिरत नाही. टोकाशी पेन्सिलीनं फुली मारून ठेवलीत तर कोणतं अंडं हललं नाही ते सकाळी दिसतं.

तापमानाबद्दल माझी फार तक्रार नाही. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश सेल्सिअस लागतं, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. हा आकडा ताप बघायच्या थर्मामीटरवर असतोच, तेव्हा घरातला पाऱ्याचा जुना थर्मामीटर अंड्यांच्या शेजारी ठेवा. त्याची गंमत अशी की पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. म्हणजे रात्रीतून आत जास्तीत जास्त किती वर गेलं होतं, ते सकाळी कळतं. माझ्या मशीनचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दाखवत होता. सेटिंगमधून तो सुधारता येतो, पण सोबतच्या पत्रकात त्याबद्दल एक अक्षर नाही.

आता ओलावा. बदकाच्या अंड्याचे २८ दिवस. पहिले २५ दिवस आत साधारण ५५ टक्के आर्द्रता, त्यानंतर अंडी फिरवणं बंद आणि आर्द्रता ६५ ते ७५. हे कुठंही वाचायला मिळतं. कशासाठी, ते मात्र कमी लोक सांगतात. अंड्याला अति बारीक छिद्रं असतात, त्यातून पाण्याची वाफ सावकाश बाहेर जाते आणि जाडसर टोकाशी हवेची पोकळी वाढत जाते. शेवटी पिल्लू चोच त्या पोकळीत घालून पहिला श्वास घेतं, कवचाला टोचा मारतं ते त्यानंतर. पाणी कमी गेलं तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतल्या आत बुडतं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे हवा कोरडी, खाचेत रोज पाणी घालावं लागायचं, पण काटा ५५ च्या आसपास राहायचा. निम्म्याच्या बऱ्याच वर पिल्लं निघाली.

मग पाऊस लागला. कोल्हापूरचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. आषाढात भिंतीला हात लावला तरी हात ओला होतो. खाचा ठणठणीत कोरड्या आणि आकडा ७० च्या खाली यायला तयार नाही. त्या खेपेची न उबलेली अंडी फोडून पाहिली. पिल्लू पुरतं तयार, पायाची नखंसुद्धा झालेली, पिसं चिकट पाण्यात लडबडलेली आणि चोच पोकळीच्या पडद्याच्या अलीकडेच. एकच नाही, ओळीनं तशीच. मशीनमध्ये ओलावा वाढवायची सोय आहे, कमी करायची नाही. पावसाळी मुलखात विकायच्या वस्तूत ही मोठी उणीव, आणि तिचा उल्लेख ना खोक्यावर, ना विकणाऱ्याच्या तोंडी.

उपाय दोन. मशीन पडवीतून उचलून मधल्या खोलीत चुलीच्या भिंतीला लावलं आणि झाकणावरची हवेची भोकं पूर्ण उघडी ठेवली. खोली उबदार आणि कोरडी असेल तर यंत्रही कोरडं राहतं. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा: आर्द्रतेच्या आकड्यावर न जाता अंडं तोलायचं. गुजरीत सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घेतला. अंडं बाहेर येईपर्यंत त्याचं १२ ते १४ टक्के वजन घटायला हवं. म्हणजे ७० ग्रॅमचं अंडं २५ व्या दिवशी ६१-६२ ग्रॅमवर यावं. घट कमी दिसली तर खाचा कोरड्या ठेवायच्या, जास्त दिसली तर पाणी. वेगळा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, घेतलात तर तोही तपासून घ्या: झाकणाच्या डब्यात मिठाचा ओला लगदा आणि हायग्रोमीटर ठेवून रात्रभर बंद करा, काटा ७५ दाखवायला हवा. मीठ नेहमी तेवढाच ओलावा धरतं. माझा ८२ दाखवत होता.

दीड आठवड्यानंतर रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून अंडी गार होऊ देतो. बदकीणही रोज चरायला उठतेच. लाईट गेली तर घाबरायचं कारण नाही. झाकण न उघडता वर गोधडी टाकायची. अंडी मोठी, ऊब धरून राहतात. तास-दोन तासानं काही बिघडलं नाही. पण आमच्या वस्तीवर वादळात लाईट रात्रभर जाते, त्यासाठी इन्व्हर्टर हवाच, आणि तो खर्च मशीनच्या किमतीत धरायला हवा.

शेवटचे तीन दिवस हात आवरणं अवघड जातं. कोंबडीचं पिल्लू टोचा मारल्यावर पटकन बाहेर येतं. बदकाचं चोवीस तास, कधी अठ्ठेचाळीस तासही घेतं. मधे लांबच लांब विश्रांती. या वेळात ते बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेत असतं आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. कवच सोलून मदत केली की रक्त येतं. शेजारच्या आक्का रोज येऊन डोकावायच्या. “मशिनीतनं बदकं काढतोस व्हय रं? खुडूक कोंबडीला लाइटबिल येत न्हाई बघ.” बोलणं खोटं नाही. त्यांच्या कोंबडीखाली ठेवलेल्या सात अंड्यांतली सहा निघाली, तेही त्याच पावसात. फक्त कोंबडीला २१ दिवसांची सवय, एखादी मधेच उठते, आणि एकीखाली सहा-आठपेक्षा जास्त अंडी मावत नाहीत.

पिल्लं बाहेर आली की ओलाव्याचा दुसरा अध्याय. बदकाचं पिल्लू म्हणजे पाण्यात पोहणारच, असा सगळ्यांचा समज. आईच्या पंखाखाली निघालेल्या पिल्लाच्या लवेला तिच्या अंगचं तेल लागतं. मशीनच्या पिल्लाला ते नसतं. त्याला पाण्यात सोडलं तर भिजतं, काकडतं, मरतं. पण पिण्याचं पाणी मात्र खोल हवं, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं, नाहीतर नाकपुड्या आणि डोळे चिकटतात. मी तेलाच्या पाच लिटरच्या कॅनला डोकं जाईल एवढी गोल भोकं पाडली आणि कॅन जाळी टाकलेल्या घमेल्यावर ठेवला. सांडलेलं पाणी घमेल्यात, पिल्लं जाळीवर. या एका गोष्टीनं खालचं भाताचं तूस बदलायची कटकट निम्म्यावर आली.

पहिले चार दिवस मात्र खाली तूस नाही, गोणपाट. नवी पिल्लं तूसच खातात, आणि वर्तमानपत्र घातलं तर त्यावर पाय घसरून फाकतात. ऊब पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. जुना पिवळा बल्ब शोधून आणावा लागला. एलईडीनं उजेड पडतो, ऊब नाही.

खाद्याबद्दल जरा ठासून सांगतो. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचं तयार खाद्य, चालतं, पण त्यात नायसिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, बदकाला पुरत नाही. त्याला जवळपास दुप्पट लागतं. कमी पडलं तर गुडघे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू ढुंगणावर बसून सरकतं. जनावरांच्या औषधाच्या दुकानात बी-कॉम्प्लेक्सचं द्रावण मिळतं, ते पाण्यातून द्यायचं. ब्रुअर्स यीस्ट मिळालं तर खाद्यात मिसळायचं.

आणि शेंगदाण्याची पेंड बिलकूल नाही, मग म्हशीसाठी ती पोत्यानं पडलेली का असेना. १९६० साली इंग्लंडात ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे लाखावर टर्कीची पिल्लं मेली, त्यात बदकाचीही होती. बुरशीच्या विषाचा, अफ्लाटॉक्सिनचा, शोध त्यातून लागला. त्या विषाला बदकाचं पिल्लू इतकं लवकर बळी पडतं की पुढं प्रयोगशाळेत ते ओळखायला पिल्लंच वापरत. आमच्या पावसात पेंड आणि मका आठवड्यात बुरशी धरतात. शिवाय बदकाची सवय घास तोंडात घेतला की पाण्याकडे पळायची. सांडलेलं ओलं खाद्य दुपारपर्यंत आंबतं. दिवसातून दोनदा भांडं घासून पुसायचं, उरलेलं फेकायचं. हे ज्याला जमणार नाही त्यानं बदकाच्या नादी लागू नये.

सात-आठ आठवड्यांत पिसं भरली की बाहेर. नर-मादी याच सुमारास आवाजावरून कळतात: मोठ्यानं क्वॅक-क्वॅक करते ती मादी, घोगरं कुजबुजतो तो नर. डक प्लेगच्या लशीचं पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. कोंबड्यांपासून लांब ठेवा. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात काही लक्षण न दाखवता राहू शकतो, आणि २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांवर काय वेळ आली ते पाहिलेलं आहे.

बाहेर आल्यावर मात्र पैसे वसूल. भाजीच्या वाफ्यातल्या गोगलगायी बदकांनी साफ केल्या. पाटाच्या कडेच्या बारक्या शंखांच्या गोगलगायींतून म्हशींना यकृतातले चपटे कृमी होतात. त्याही बदकं चापतात. पालकाचा कोवळा वाफा मात्र जाळी लावूनच ठेवा, त्यांना गोगलगाय आणि पालक यात फरक कळत नाही. रात्री पक्कं खुराडं. मुंगूस दोन बोटांच्या फटीतून शिरतं, आणि ऊसतोड सुरू झाली की फडातली कोल्ही वस्तीकडे सरकतात. नदीकाठच्यांनी खुराडं उंचावर बांधावं. २०१९ आणि २०२१ च्या पुराची खूण आमच्या गोठ्याच्या भिंतीवर अजून आहे.

परत मशीन घेईन का? घेईन, पण अंडी फेब्रुवारीत बसवीन. मार्चमध्ये पिल्लं निघतात, मे अखेर पिसं भरतात, पाऊस येतो तेव्हा ती भिजायला तयार असतात आणि श्रावण-भाद्रपदात अंड्यावर येतात. जून ते सप्टेंबर यंत्र धुऊन, वाळवून माळ्यावर. ज्याला दोन-चार बदकं परसात हवीत त्यानं मशीनच्या भानगडीत न पडता पिल्लं विकत आणावीत किंवा एखादी खुडूक कोंबडी बघावी.

अंडी पहाटे घालतात, कुठंही, पाण्यातसुद्धा, म्हणून नऊपर्यंत कोंडून ठेवतो. चिखलानं माखलेली अंडी उबवायला घेत नाही. आत घाण शिरली की मशीनमध्ये अंडं फुटतं आणि वास घरभर. खायची अंडी गावात गावरान अंड्याच्याच भावानं जातात. ‘वास येतो’ म्हणणारे भेटतात, त्यांना एक फुकट देतो, बहुतेक परत येतात. अडचण जास्तीच्या नरांची. पाच-सहा माद्यांना एक पुरतो आणि अंड्यातून निम्मे नरच निघतात. कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याच्या ताटापुढं बदकाच्या मटणाला विचारतो कोण? सध्या चार नर आहेत, कुणाला हवे असतील तर मळ्यावर येऊन घेऊन जा.